पाँटून-नौका आणि तिचा जीर्णोद्धार : शब्द आणि वस्तू यांच्या इतिहासातील एक प्रकरण

‘दोन गोष्टींची सांगड घालणे’ हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळलेला आहे की, सांगड ही मुळात पाण्यावर तरणारी एक वस्तू होती याची आठवण बोलणाऱ्यास सहसा राहत नाही. दोन होड्या, लाकडाचे ओंडके किंवा सुके भोपळे एकमेकांस बांधून पाणी उतरून जाण्याचे जे साधन करीत, ते सांगड. नद्यांवर पूल झाले, उतारावरील साधने मागे पडली. वस्तू गेली आणि शब्द मात्र लक्षणेने राहिला.

प्रस्तुत निबंधाचा विषय याच आकाराची, परंतु अगदी अलीकडची आणि दूरदेशीची एक वस्तू हा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सरोवरांवर ‘पाँटून-नौका’ या नावाची जी सपाट, कठड्याची नौका सर्वत्र दिसते, तिचा इतिहास फार तर पाऊणशे वर्षांचा आहे. ही नौका जुनी झाली म्हणजे टाकून न देता, कोणीतरी ती अल्प किमतीस विकत घेतो आणि घराच्या आवारात स्वहस्ते तिचा जीर्णोद्धार करतो, अशी तेथे रीत पडली आहे. ह्या जीर्णोद्धारात वस्तूचे काय वाचते आणि काय नाहीसे होते, हा येथील मुख्य प्रश्न होय. तो दिसावयास सुताराचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाच्या साधनांविषयीचा आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने नौकेविषयी का लिहावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिला उत्तर जुनेच आहे. १९०९ साली मेरिंगर आणि त्यांचे सहकारी यांनी ‘शब्द आणि वस्तू’ अशा अर्थाच्या नावाचे जर्मन नियतकालिक सुरू केले, त्यामागे हीच भूमिका होती की, वस्तू कशी होती व कशी वापरली जाई हे कळल्यावाचून तिच्या नावाची व्युत्पत्ती हवेत राहते. ह्याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे. वस्तूच्या इतिहासातील कित्येक घोटाळे शब्दांकडे नीट न पाहिल्यामुळे होतात. पुढील विवेचनात याचे एक महाग पडणारे उदाहरण येईल.

१. शब्द

इंग्रजी ‘पाँटून’ हा शब्द फ्रेंच ‘पोंतों’वरून आला, ‘बलून’, ‘कार्टून’ हे शब्द याच घडणीचे. त्याच्या मागे लॅटिन ‘पोन्तो’ आहे. इ. स. पू. ४८ च्या यादवी युद्धाचे वर्णन करताना सीझरने ‘पोन्तोनेस’चा उल्लेख केला असून, हा गॉल लोकांच्या जहाजांचा एक प्रकार आहे, असा खुलासाही लगेच जोडला आहे. अर्थात रोमन वाचकास हा शब्द त्या अर्थाने परिचित नव्हता. पुढे याच शब्दास नदी उतरण्याच्या सपाट नावेचा अर्थ आला. ‘पोन्स’ म्हणजे पूल, ह्या शब्दाशी असलेल्या नात्यामुळे तो अर्थ लोकांच्या मनात पक्का झाला असावा. इंग्रजीतील ‘पंट’ ही उथळ पाण्यातील चपटी होडीदेखील याच ‘पोन्तो’ची संतती होय.

पुलाचा आणि नावेचा हा संबंध केवळ शब्दापुरता नाही. इ. स. पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस याने हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर नावांचे दोन पूल बांधविले. त्यांत एकीकडे ३६० व दुसरीकडे ३१४ नावा होत्या, असे हिरोडोटसने लिहिले आहे. दोरखंडांनी नावा जोडल्यावर त्यांवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर झाडझाडोरा आणि माती पसरून ती चोपली, आणि समुद्र पाहून जनावरे बुजू नयेत म्हणून दोन्ही बाजूंस कठडा घातला. खाली तरणारी पोकळ अंगे, वर सपाट भूमी आणि भोवती कठडा, हे पाँटूनचे तीनही घटक येथे पूर्णत्वाने उपस्थित आहेत. आपल्या देशात हुगळीवर ब्रॅडफर्ड लेस्ली याच्या योजनेप्रमाणे झालेला १८७४ चा हावड्याचा पूल ह्याच जातीचा होता. १९४३ मध्ये हल्लीचा पूल खुला होईपर्यंत कलकत्त्याची रहदारी त्याने वाहिली. प्रयागच्या कुंभमेळ्यात गंगेवर जे तात्पुरते पूल घालतात, त्यांस हिंदीत ‘पीपे का पुल’ म्हणतात. हा ‘पीपा’ आणि आपले ‘पिंप’ हे दोन्ही पोर्तुगीज ‘पीपा’ ह्या शब्दापासून आलेले आहेत. ह्या पिंपाची गाठ आपल्याला मिनेसोटात पुन्हा पडणार आहे.

आता सांगडीकडे वळू. संस्कृत ‘संघाट’ म्हणजे लाकडे एकमेकांत बसवून केलेली जोडणी. त्यापासून मराठी ‘सांगड’ झाले, आणि इमारतीची किंवा शरीराची मूळ चौकट या अर्थी ‘सांगाडा’ हाही शब्द त्याच मूळचा आहे. ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरील आपल्या फ्रेंच ग्रंथात (१९२०) सांगडीची तुलना ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात आलेल्या नौकानामाशी केली आहे, आणि रॅल्फ टर्नर यांच्या कोशातही ही तुलना नोंदलेली आढळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील त्या वृत्तात पूर्व किनाऱ्यावरील ‘संगर’ नामक मोठ्या नौका एकसंध ओंडके जोडून केलेल्या असतात, असे सांगितले आहे. मलयाळम ‘चंगाडम्’ ह्याच कुळातील. मलबारात तो पोर्तुगीजांच्या कानी पडला, त्यांच्या भाषेत ‘जंगाद’ झाला, आणि पुढे ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील कोळ्यांच्या तराफ्यास हेच नाव मिळाले. दोन नावा जोडून त्यांवर तक्तपोशी टाकलेली केरळातील वाहने नेणारी नौका ‘जंकार’ म्हणून ओळखली जाते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चंगाडम् आणि जंगाद यांचे नाते वंशाचे आहे. सांगड आणि अमेरिकन पाँटून-नौका यांचे नाते केवळ साम्याचे आहे. दोन पोकळ अंगे अंतरावर ठेवून वर फळी टाकली की स्थिर भूमी मिळते, हे पाण्याने ज्याला त्याला स्वतंत्रपणे शिकविले आहे. परंतु साम्यही विचारास उपयोगी पडते. सांगड आणि सांगाडा हे दोन शब्द मराठीने एकाच मूळातून काढले, हा योगायोग पुढील विवेचनाचा आधार ठरण्याजोगा आहे. कारण जीर्णोद्धार म्हणजे सांगड सोडवून तिच्या सांगाड्यापर्यंत जाणे आणि तेथून परत येणे होय.

२. वस्तूचा जन्म

पाँटून-नौकेचा आरंभ सामान्यतः १९५२ साली धरतात. मिनेसोटा संस्थानातील रिचमंड येथील ॲम्ब्रोझ वीरेस ह्या ग्रामीण भागातील शेतकऱ्याने पोलादी पिंपे टोकास टोक जोडून त्यांच्या दोन ओळी केल्या व त्यांवर लाकडी तक्तपोशी बसविली. सरोवराच्या पाण्यावर नेहमीच्या होडीपेक्षा अशी भूमी अधिक स्थिर राहील, हा त्याचा अंदाज खरा ठरला. मागणी आली, आणि ह्या घरगुती प्रयोगाचे कारखान्यात रूपांतर झाले. मिनेसोटात दहा एकर वा त्याहून मोठी अशी ११,८४२ सरोवरे मोजलेली आहेत, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ही कल्पना तेथेच का रुजली, याचे आश्चर्य वाटत नाही.

तथापि एका माणसाच्या युक्तीने वस्तू जन्मास येत नाही. तिचे घटक आधी जगात असावे लागतात. पोलादी पिंपाच्या घडणीची दोन अमेरिकन पेटंटे डिसेंबर १९०५ मधील आहेत. ती हेन्री वेअरहान याच्या नावे असून, नेली ब्लाय ह्या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या पत्रकर्तीच्या कारखान्यात तो काम करीत असे. दुसऱ्या महायुद्धात इंधनाच्या वाहतुकीने अशी पिंपे जगभर पसरविली आणि युद्धानंतर ती स्वस्तात मिळू लागली. नौकेच्या पाठीस बाहेरून अडकविण्याचे इंजिन ओल एव्हिनरूड याने १९०९ च्या सुमारास बाजारात आणले. प्लायवुडचा अमेरिकेतील उद्योग १९०५ च्या पोर्टलंड येथील प्रदर्शनापासून सुरू झाला असे मानतात. परंतु पाण्यात न सुटणारा सरस १९३४ मध्ये सापडेपर्यंत ते नौकेच्या कामाचे नव्हते. पिंप, इंजिन आणि सरस यांच्या तीन स्वतंत्र इतिहासांची १९५२ मध्ये अक्षरशः सांगड पडली.

या रचनेचे गणित सोपे आहे. ५५ अमेरिकन गॅलनांचे पिंप सुमारे २०८ लिटर पाणी बाजूस सारते. म्हणजे पूर्ण बुडाले असता तितक्याच किलोग्रॅमचा भार ते तोलून धरते, आणि त्यातून त्याचे स्वतःचे १८-२० किलो वजन वजा जाते. समजा, प्रत्येक ओळीत आठ पिंपे आहेत. तर सोळा पिंपे अर्धी बुडाली असताही सव्वा टनाहून अधिक भार पेलतात. स्थैर्याचे रहस्य मात्र भारात नसून अंतरात आहे. एका बाजूस माणसे जमली की त्या बाजूची ओळ किंचित खाली जाते व तिचा वर रेटण्याचा जोर वाढतो. विरुद्ध ओळ वर उचलली जाऊन तिचा जोर घटतो. दोन ओळींमधील अंतर जितके अधिक, तितकी ही तराजूची दांडी लांब, आणि नौका तितकी लवकर समतोल होते.

पोलादास गंज चढतो. म्हणून त्याच दशकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनिअमची अखंड नळकांडी पुढे आली आणि इंडियाना संस्थानातील कारखान्यांनी हा धंदा वाढविला. तथापि पहिल्या नौकेचे ‘घरी केलेली वस्तू’ हे लक्षण तिने कधीच सोडले नाही. १९५४ च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने आपल्या मुखपृष्ठावर ‘डू-इट-युअरसेल्फ’ छंदास स्थान दिले. स्टीव्हन गेल्बर ह्या इतिहासकाराने १९९७ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, नोकरीपेशाच्या शहरी गृहस्थास हातकामाने घरात पुन्हा एक स्थान मिळवून दिले, हे ह्या छंदाच्या प्रसाराचे एक कारण होते. पाँटून-नौका ह्या वातावरणात वाढली. तिच्यात वक्र फासळ्या नाहीत, सांध्यांत कापूस ठोकून केलेली गळतबंदी नाही. सरळ तुळया, सरळ फळ्या आणि बोल्ट यांनीच ती उभी राहते. जी वस्तू सामान्य हत्यारांनी सोडविता येते, ती सामान्य माणसास दुरुस्तही करता येते. तिच्या दीर्घायुष्याचे कारण हेच आहे.

३. जीर्णोद्धाराची रीत

जुन्या पाँटून-नौकेचे तीन भाग तीन वेगवेगळ्या वेगांनी म्हातारे होतात. नळकांडी व त्यांवरील आडव्या तुळया ॲल्युमिनिअमच्या असल्याने गोड्या पाण्यात कित्येक दशके टिकतात. तक्तपोशी त्याहून फार लवकर कुजते. आसने, गालिचा व छत हे त्याच्याही आधी जातात. म्हणून अनुभवी माणूस आसनांच्या फाटक्या कापडाकडे पाहून नौकेची किंमत करीत नाही; तो आधी खाली वाकून नळकांडी पाहतो.

तपासणीची रीत अशी. नळकांड्यात पाणी शिरले असल्यास नौका हलविताच ते आत खळखळते. २४ इंच व्यासाच्या व २० फूट लांबीच्या नळकांड्याची पोकळी सुमारे १,७८० लिटरांची असते. तिचा एक दशांश भाग जरी पाण्याने भरला, तरी नौका पावणेदोन क्विंटल निरुपयोगी ओझे वाहत असते. छिद्र शोधण्यासाठी आत थोडी हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात, आणि जेथे बुडबुडे येतात तेथे खूण करतात. ही हवा दर चौरस इंचास दोन ते तीन पौंडांपेक्षा अधिक असता कामा नये. तीन पौंड हा आकडा क्षुल्लक वाटतो; परंतु २४ इंच व्यासाच्या झाकणाचे क्षेत्र सुमारे ४५२ चौरस इंच असल्याने त्यावर साडेतेराशे पौंडांचा रेटा येतो. मोटारीच्या चाकात हवा भरावयाच्या सवयीने येथे हवा भरणारा मनुष्य नळकांडे फाडून बसतो. भेग जोडण्याचे काम मात्र घरगुती नव्हे. ॲल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसवर वितळते, तर त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजारांहून अधिक अंशांवर. म्हणून तो पापुद्रा आधी साफ करावा लागतो आणि आर्गॉन वायूच्या आवरणाखाली जाणत्या कारागिराकडून सांधा भरून घ्यावा लागतो. ज्या जुन्या नौका अद्याप पोलादी पिंपांवर आहेत, त्यांच्या पिंपांत कधीकाळी तेल असेल तर त्याच्या वाफा उरलेल्या असू शकतात. त्यांजवळ ज्योत नेणे प्राणघातक ठरते.

नळकांडी निर्दोष ठरल्यावर नौका उकलावयाची. प्रथम आसने, मग कठड्याचे भाग, मग गालिचा, शेवटी तक्तपोशीचे बोल्ट. बोल्ट बहुधा फिरत नाहीत. ते कापावे लागतात. गालिचा निघताच खालच्या प्लायवुडची स्थिती कळते. लाकूड कुजविणारी बुरशी लाकडातील ओलावा सुमारे वीस टक्क्यांहून कमी असेल तर वाढत नाही. परंतु सरसाने घट्ट चिकटविलेला गालिचा पाणी धरून ठेवतो आणि बुरशीस हवे तेच पुरवितो. नौका शोभिवंत करण्यासाठी जे अंथरले, तेच तिच्या नाशाचे कारण झालेले असते. कूज बहुधा फळीच्या कडेपासून आणि बोल्टच्या भोकापासून सुरू होते, कारण तेथे प्लायवुडचे थर उघडे असतात. म्हणून नवी फळी बसविण्यापूर्वी प्रत्येक कड व प्रत्येक भोक रंगाने किंवा राळेने बंद करणे, हे ह्या कामातील सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे अंग होय. आठ फूट रुंद व वीस फूट लांब तक्तपोशीस चार फूट गुणिले आठ फूट आकाराचे पाऊण इंच जाडीचे पाच तक्ते पुरतात.

कोणते तक्ते घ्यावेत, ह्या ठिकाणी शब्दांचा प्रश्न उभा राहतो. ‘मरीन’ प्रतीचे प्लायवुड कुजत नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती निराधार आहे. मरीन प्रतीत आतल्या थरांत पोकळी सोडलेली नसते व पातळ थर चांगल्या लाकडाचे असतात. सरस मात्र बाहेरच्या कामाच्या साध्या प्लायवुडसारखाच असतो, आणि कूज रोखणारे द्रव्य त्यात मुळीच असेल असे नाही. नाव समुद्राचे, गुण जोडणीचा, आणि अपेक्षा तिसऱ्याच गोष्टीची, असा हा प्रकार आहे.

दुसरा शब्द याहून घातक आहे. दाबाखाली औषध मुरविलेल्या लाकडास तेथील व्यापारात ‘प्रेशर-ट्रीटेड’ म्हणतात. अनेक दशके हे औषध क्रोमियम, तांबे व आर्सेनिक यांचे मिश्रण असे. आर्सेनिकच्या भयामुळे उत्पादकांनी स्वखुशीने ३१ डिसेंबर २००३ नंतर घरगुती वापराच्या बहुतेक कामांसाठी ते बंद केले, आणि त्याच्या जागी ज्यांत तांब्याचे प्रमाण अधिक आहे अशी औषधे आली. ओलाव्याच्या संगतीत तांबे आणि ॲल्युमिनिअम एकत्र आले की विद्युत्-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनिअम खाल्ले जाते. म्हणजे १९८५ मध्ये ज्याने ‘ट्रीटेड’ फळी बसविली त्याच्या तुळयांस जो धोका होता, त्याहून कितीतरी मोठा धोका २००५ मध्ये तीच सूचना पाळणाऱ्याने ओढवून घेतला; आणि ज्या सांगाड्यास वाचवावयाचे, त्यासच त्याने छिद्रे पाडून घेतली. सूचना बदलली नव्हती, शब्दही बदलला नव्हता. शब्दाने निर्दिष्ट होणारी वस्तू तेवढी बदलली होती. अर्थपरिवर्तनाचे उदाहरण म्हणून वर्गात आपण ‘मृग’ शब्द सांगतो, की जो पूर्वी पशुमात्राचा वाचक होता व पुढे हरणाचा झाला. त्या उदाहरणाने कोणाची हानी होत नाही. येथे मात्र परंपरेने आलेले वाक्य निष्ठेने पाळल्यानेच हानी होते.

४. जीर्णोद्धारक आणि पाठसंपादक

जीर्णोद्धार ह्या शब्दाशी आपला परिचय देवळांच्या संदर्भात आहे. तेथे स्थान आणि देवता राहतात, भिंती व शिखर नवे होते, आणि भाविकास देऊळ तेच वाटते. प्लूटार्कने थेसियसच्या जहाजाविषयी जो प्रश्न नोंदविला आहे, तो हाच आहे: एकेक फळी बदलत गेल्यावर जहाज तेच राहिले की नाही? पाँटून-नौकेपुरते ह्या प्रश्नास व्यवहाराने उत्तर देऊन टाकले आहे. नळकांडी आणि तुळया राहिल्या तर नौका तीच. म्हणजे सांगाडा हीच तिची ओळख होय.

ह्या उत्तरास शासनाचाही दुजोरा आहे. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून कारखान्यात होणाऱ्या प्रत्येक नौकेवर बारा अक्षरांकांचा ओळखक्रमांक असणे आवश्यक झाले. १९८४ पासून चालू असलेल्या पद्धतीत पहिली तीन अक्षरे उत्पादकाची, पुढील पाच अनुक्रमांकाची, आणि शेवटची चार निर्मितीचा महिना व वर्ष आणि नमुन्याचे वर्ष सांगतात. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यास हे वाचताच पोथीच्या अखेरच्या पुष्पिकेची आठवण होईल. लेखक कोण, पोथी कोणती, लेखनाचा शक कोणता, हे सारे येथे बारा चिन्हांत आहे. ज्याने नौका मुळापासून स्वतः बांधली, त्यास संस्थान-सरकारकडून क्रमांक मिळतो व त्यात उत्पादकाच्या जागी संस्थानाची दोन अक्षरे आणि ‘झेड’ हे अक्षर येते. अज्ञात लेखकाच्या पोथीस ग्रंथालयाने क्रमांक द्यावा, तशातलाच हा प्रकार.

परंतु पुष्पिका म्हणजे पोथी नव्हे. वीस-तीस वर्षे वापरलेल्या नौकेची तक्तपोशी उकलताना तिच्यात थर सापडतात. वर एक गालिचा, त्याखाली जुन्या गालिचाचा सरस, त्याखाली रंगाचे एकावर एक हात. एके ठिकाणी भोके बुजविलेली, कारण आसने पूर्वी निराळ्या जागी होती. दुसरीकडे तुळईस लोखंडी पट्टी, कारण कोणीतरी अधिक जड इंजिन लावले होते. ह्या नौकेवर कोण बसत होते, ते मासे धरीत की केवळ संध्याकाळी फिरत, पैसा केव्हा होता आणि केव्हा नव्हता, हे त्या थरांतून वाचता येते. ते दुसरीकडे कोठेही लिहिलेले नाही. युद्धनौका आणि राजनौका यांची संग्रहालये असतात. पिंपांवरच्या सहलीच्या नौकेचा पुरावा तिच्या स्वतःच्या फळ्यांतच असतो. आणि जीर्णोद्धाराचे पहिले कर्म त्या फळ्या फोडून जाळणे किंवा कचऱ्यात टाकणे हे असते.

येथेच खरा पेच आहे. जीर्णोद्धार न केला तर नौका मोडीत जाते आणि पुराव्यासह सर्व नाहीसे होते. जीर्णोद्धार केला तर नौका वाचते, परंतु तिचा इतिहास पुसला जातो. एकोणिसाव्या शतकात इमारतींविषयी हाच वाद झाला. रस्किनने १८४९ मध्ये पुनर्निर्माणास विध्वंस मानले. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक याने पूर्वी कधी नसलेली पूर्णताही इमारतीस देणे योग्य मानले. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मध्यममार्ग घातला: जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्निर्माण थांबावे, आणि केलेल्या प्रत्येक कामाची नेमकी नोंद ठेवली जावी. १९९० मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने ऐतिहासिक जहाजांसाठी जे दंडक प्रसिद्ध केले, त्यांतही नोंदीस असेच महत्त्व आहे.

घराच्या आवारात सुटीच्या दिवशी काम करणाऱ्याकडून सनदेच्या पालनाची अपेक्षा करणे हास्यास्पद होईल, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः मान्य करावा लागेल. ही नौका स्मारक नव्हे. ती वापरावयाची आहे, आणि कुजलेली फळी इतिहासासाठी राखून मुलाबाळांस तीवर उभे करता येत नाही. परंतु पाठसंपादकाची स्थितीही निराळी नसते. भ्रष्ट पाठ तसाच छापून त्याचे काम होत नाही. त्यास शुद्ध पाठ द्यावाच लागतो. फरक इतकाच की, जो पाठ त्याने नाकारला तो तळटीपेत देण्याचे बंधन तो स्वीकारतो, आणि त्यामुळे पुढच्या अभ्यासकास त्याचा निर्णय तपासता येतो व गरज पडल्यास फिरविता येतो. जीर्णोद्धारकाची तळटीप फार मोठी नसते. उकलण्यापूर्वी चार बाजूंची छायाचित्रे, जुन्या भोकांच्या जागा दाखविणारा एक आराखडा, थरांचा क्रम, बसविलेल्या नव्या फळीचे व तिला लावलेल्या औषधाचे नाव आणि वर्ष, इतके एका वहीच्या दोन पानांत मावते. वर सांगितलेल्या तांब्याच्या प्रकरणात तर ही नोंद केवळ इतिहासाची सोय राहत नाही. मागील मालकाने कोणते औषध मुरविलेली फळी वापरली हे वहीत असेल, तर पुढचा मालक तुळया केव्हा तपासाव्यात हे जाणतो. इतिहास आणि सुरक्षितता यांचे हित येथे एकच आहे.

५. उपसंहार

पाँटून-नौकेच्या बाबतीत वस्तू राहते आणि तिची कथा जाते. आपल्या सांगडीच्या बाबतीत वस्तू गेली व शब्द राहिला. दोन्हीकडे हानीचे कारण एकच आहे: ज्या गोष्टी सर्वांच्या वापरात होत्या, त्यांची नोंद कोणी केली नाही, कारण त्या सर्वांच्या वापरात होत्या.

ह्यास अपवाद आहेत, आणि ते उद्बोधक आहेत. मद्रास इलाख्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातील अधिकारी जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात भारतीय नौकांच्या आकारांचा किनाऱ्या-किनाऱ्याने परामर्श घेतला. कोकणातील होडीस एका बाजूने जोडलेले जे तरते लाकूड असते, त्या उलांडीकडेही त्यांचे लक्ष गेले होते. उलांडी म्हणजे एका अंगाने अर्धी राहिलेली सांगडच होय. ज्या काळात ह्या वस्तू रोज डोळ्यांसमोर होत्या, त्या काळात त्या टिपून ठेवण्यास एक परका मत्स्याधिकारी पुढे झाला, ही गोष्ट आपल्या विद्यापीठीय परंपरेने विसरण्याजोगी नाही.

आज कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा मोठ्या प्रमाणावर फायबरच्या होड्यांनी घेतली आहे. उरलेल्या लाकडी होड्या दुरुस्तीस निघतात, तेव्हा फळी बदलणारा कारागीर जुन्या भागाचे नाव उच्चारतो, तो भाग बाजूस टाकतो, आणि ते नाव त्यासह बाजूस पडते. नाळ, परबाण, उलांडी हे शब्द कोशात सापडतील. परंतु कोणता सांधा कोणत्या नावाने ओळखला जाई, आणि तो तसाच का करीत, हे कोशात सापडणार नाही. ते दुरुस्तीच्या वेळीच, होडी उकललेली असतानाच, विचारून लिहून घेता येते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्षेत्रकार्यासाठी शब्दसूची घेऊन जाण्याऐवजी एखादी होडी दुरुस्तीस निघाल्याची वार्ता कळताच वही घेऊन जावे, अशी सूचना करावीशी वाटते. कारण सांगाडा उघडा असतो तो काळ थोडा असतो, आणि त्यानंतर नवी फळी बसते.